केसपेपरवर आमचा रकाना कुठला?

प्रति,
राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचे सदस्य, नवी दिल्ली,
आणि आपल्या राज्याच्या परिषदेतील सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत गाणं शिकवते. संध्याकाळी घरी वर्ग, आठवड्यातून दोन दिवस सकाळी विशेष मुलांची शाळा, आणि मंगळवार-शुक्रवार दुपारी एका रुग्णालयातला स्पीच थेरपी विभाग. हे पत्र त्या दुपारच्या कामाबद्दल, म्हणजे पेशंटांवर संगीतातून उपचार करण्याबद्दल आहे. मराठीत लिहिते आहे, कारण ते काम मी मराठीतच करते. दिल्लीत कुणीतरी वाचून दाखवेलच.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. मुलगी बारावी सायन्स झालेली, गाण्याची मध्यमा पूर्ण परीक्षा पहिल्या वर्गात पास, आणि तिने घरी जाहीर करून टाकलंय की मला म्युझिक थेरपिस्ट व्हायचंय. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. चहा संपेपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. मग कप बाजूला ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल ते ऐकतो. फक्त एवढं सांगा, नोकरीच्या जाहिरातीत हे पद कधी छापून आलेलं पाहिलंय का तुम्ही?"

मी पाहिलेलं नाही. तसं सांगितलं. आणि ते गेल्यावर हे पत्र लिहायला बसले.

2021 साली संसदेने आपल्या आयोगाचा कायदा केला तेव्हा आम्ही काहीजणींनी त्याची अनुसूची अगदी पंचांग चाळावं तशी चाळली होती. दहा गट, पन्नासहून जास्त व्यवसाय. फिजिओथेरपी, आहारशास्त्र, ऑप्टोमेट्री, एक्स-रे, डायलिसिस हे सगळे आहेत. वर्तनविज्ञानाच्या गटात 'मूव्हमेंट थेरपिस्ट' असा एक व्यवसाय आहे आणि त्याच्या कंसात आर्ट थेरपिस्ट, डान्स अँड मूव्हमेंट थेरपिस्ट, रिक्रिएशनल थेरपिस्ट अशी मंडळी बसवली आहेत. चित्र आहे, नाच आहे, करमणूकसुद्धा आहे. 'म्युझिक' हा शब्द मला सापडला नाही. आता यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, 'आर्ट' या शब्दात संगीत आलंच की. दुसरं म्हणतं, जे नावानिशी लिहिलेलं नाही ते नाही. मी वकील नाही. पण रुग्णालयाच्या कॅशियरला यातलं पहिलं मत पटवून बघा.

हे गाव कुठलं तेही जरा सांगते. मिरजेत वॉन्लेस रुग्णालय 1894 मध्ये सुरू झालं, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 मध्ये. कर्नाटकातूनसुद्धा पेशंट इथे येतात, स्टेशनवरून रिक्षा थेट दवाखान्यांच्या रस्त्याला लागते. आणि त्याच गावात भोपळे वाळवून, कोरून सतार-तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. 2024 साली त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथल्या दर्ग्यात गाऊन आजारातून उठले अशी कथा मिरजेत लहान मूलही सांगेल. इतकं सगळं एका गावात आहे, पण तंबोऱ्याच्या गल्लीतून दवाखान्याच्या रस्त्यावर कामाला जाणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यांतली मी एक, आणि तीही योगायोगाने.

योगायोग असा की आमच्या इमारतीत राहणारी माझी मैत्रीण, स्पीच थेरपिस्ट, एकदा म्हणाली, "ताई, माझ्याकडे एक आजोबा आहेत, बोलता येत नाही पण गजर म्हणतात. येता का?" आजोबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. डाव्या मेंदूला झटका, उजवा हात लटका, बोलणं गेलेलं. समजत सगळं होतं. विचाराल त्याला एकच उत्तर यायचं, "हां ते." पाणी हवंय? हां ते. दुखतंय? हां ते. बायकोचं नाव काय? हां ते, आणि मग डोळ्यांत पाणी. पण वारीतला गजर सुरू केला की शब्द न चुकता, तालात, पूर्ण.

पहिल्या दिवशी मी काय केलं? तंबोरा लावला, डोळे मिटले आणि भूपाचा आलाप घेतला. दहा मिनिटं. आजोबा रडले, त्यांची बायको रडली, मीही थोडी रडले. बाहेर आल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "छान झालं ना?" ती म्हणाली, "छान झालं. मोजलं काय?"

हा प्रश्न मला सात परीक्षांत कुणी विचारला नव्हता. प्रारंभिक ते विशारद पूर्ण, सात पायऱ्या. ताना, बंदिशी, रागांची तुलना, भातखंडे-पलुस्कर लिपी. एकाही पायरीवर पेशंट नाही. असावा असंही नाही, त्या परीक्षा गवई आणि गाण्याचे शिक्षक घडवायला आहेत आणि ते काम त्या चोख करतात. गंमत अशी की मी जे शिकले होते तेच खोलीत आडवं येत होतं. मैत्रिणीने मला जी पद्धत दाखवली ती 1973 सालापासून जगात माहीत आहे. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी मांडलेली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. तीत सूर दोनच. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि त्याच्यावरचा कोमल गंधार, बस. "पा-णी-दे." प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातावर हलकी थाप. मी म्हणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मी मध्येच हळू गप्प व्हायचं आणि त्यांनी ओढून न्यायचं. नुसतं गजरावर सोडून चालत नाही. गजर हा पाठ असलेला असतो, तो आपोआप येतो, त्यातून 'पाणी दे' निघत नाही. आणि शेवटी सूरच काढून घ्यायचा असतो, वाक्य बोलण्यासारखं व्हायचं असतं. मला गाण्यातली हरकत, मींड घ्यायची सवय, म्हणजे सूर सजवायची, वळवायची. 'दे' वर माझा आवाज आपसूक वळायचा आणि आजोबा तिथेच अडकायचे. "ताई, सपाट," मैत्रीण मागून म्हणायची. वीस वर्षं गुरूंनी सपाट गाऊ नकोस म्हणून ओरडलेल्या बाईला.

अकराव्या आठवड्यात आजोबांनी सिस्टरकडे बघून, सुराशिवाय, "चहा दे" म्हटलं. पाण्याच्या आधी चहा. मी हे मोठं यश म्हणून सांगत नाही. अकरा आठवडे, बावीस सत्रं, चार-पाच वाक्यं. पण ती केसपेपरवर आहेत, तारखेसकट. कुणाच्या अक्षरात? मैत्रिणीच्या. तिच्याकडे पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे, म्हणून ती लिहू शकते आणि सही करू शकते. माझी निरीक्षणं मी तिला तोंडी सांगते. माझ्यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

असायला हवाच असंही मी तेव्हा म्हटलं नसतं, कारण त्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. विशेष शाळेत सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. शांत, खिडकीशी बसणारा. मी त्याच्याजवळ जाऊन पेटी उघडली आणि भाता जोरात ओढून काळी चारचा सूर लावला, नेहमी वर्गात लावते तसा. मुलाने दोन्ही कान दाबले आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागला. बाईंनी येऊन त्याला उचललं. पुढचे तीन आठवडे तो संगीताच्या तासाला वर्गात पाऊल टाकेना. त्याला कर्कश आवाज सहन होत नाही हे त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. ती फाइल मला कुणी दाखवली नव्हती, आणि मागून घ्यायची असते हे मला ठाऊक नव्हतं. संगीताने कुणाचं वाईट थोडंच होतं, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. होतं. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची 1997 पासूनची शिफारस आहे. आपलं नेहमीचं बोलणंसुद्धा त्याच्या वर जातं. तिथे हौसेने पेटी घेऊन जाणारी माझ्यासारखी बाई बाळाला उपद्रवच करेल.

या चुकीनंतर मी प्रशिक्षण शोधायला लागले, आणि काय सापडलं ते ऐका. दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग, साडेचार हजार रुपये, शेवटी 'प्रमाणित संगीतोपचारक' असं प्रमाणपत्र. मी केला. खोटं कशाला बोलू? प्रमाणपत्रावर एका बाजूला वीणा, दुसऱ्या बाजूला स्टेथोस्कोप. अभ्यासक्रम म्हणजे एक तक्ता: अमुक राग रक्तदाबाला, तमुक मधुमेहाला, एक बद्धकोष्ठालासुद्धा. सकाळी किती, संध्याकाळी किती, जेवणाआधी की नंतर. तोच तक्ता दर दोन महिन्यांनी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर येतो आणि मला कुणीतरी विचारतंच, "ताई, हे खरं का?" राग ही गोळी नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लावणी आणि तमाशाचा फड ऐकलाय त्याला मी दरबारी पाजली तर तो झोपेल, पण कंटाळून.

खरं शिक्षण देशात नाहीच असं नाही. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच संगीतोपचाराचं केंद्र चालतं, म्हणजे विद्यार्थी वॉर्डातच शिकतो. पण मिरजेच्या वेल्डरच्या मुलीने पुदुच्चेरीला जायचं, तमिळ पेशंटांबरोबर तास भरायचे, आणि परत येऊन मराठी म्हाताऱ्यांना गाऊन बोलतं करायचं. अंतराची गोष्ट एक वेळ सोडा. परत आल्यावर पद कुठलं?

बाहेर हे कसं चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी वडिलांना सांगितलं ते इथेही लिहिते. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने 1944 मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथे पदवीबरोबर देखरेखीखालचे किमान 1200 तास पेशंटसोबत भरावे लागतात, त्यानंतर स्वतंत्र मंडळाची परीक्षा. इंग्लंडमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखलेलं आहे, नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा. ऑस्ट्रियाने 2008 मध्ये यासाठी वेगळा कायदाच केला. या सगळ्यांत मला हेवा वाटतो तो पदव्यांचा नाही. त्या 1200 तासांचा वाटतो. कुणीतरी मागे उभं राहून "ताई, सपाट" म्हणण्याचे बाराशे तास. मला ते मिळाले ते मैत्रीण शेजारी राहते म्हणून.

तासांवर इतका भर का देते? 2013 साली अमेरिकेतल्या अकरा रुग्णालयांतल्या 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात आईबापांच्या आवडीचं गाणं अंगाईच्या चालीत बसवून बाळाला प्रत्यक्ष गाऊन दाखवत होते. बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध ओढण्यावर चांगले परिणाम दिसले. आपल्याकडे ही बातमी 'अंगाईने बाळं बरी होतात' अशी फिरते. पण तिथे गाणं कसं आणि किती हे ठरवणारे प्रशिक्षित थेरपिस्ट होते, बाळाचा श्वास बघून लय कमी-जास्त करणारे. आणि दुसरी बाजूही सांगते, कारण ती तक्तेवाले कधी सांगत नाहीत. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 स्वमग्न मुलांवरचा मोठा अभ्यास आला. पाच महिन्यांनंतर मुलांच्या लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. हे त्या व्यवसायातल्या माणसांनीच केलं आणि छापलं. मला तर त्यामुळे या क्षेत्राबद्दल भरवसाच वाटला. आपलं औषध इथे चाललं नाही असं लिहून द्यायची ज्याची तयारी आहे त्याच्याकडे मी माझं मूल पाठवीन.

आता पैशाचं बोलते, कारण 'करिअर' या शब्दात तेही येतं आणि गाणाऱ्यांनी त्यावर बोलू नये असा एक संकेत आहे. मला शाळेत मानधन मिळतं ते 'कलाशिक्षक, तासिका तत्त्वावर' म्हणून. रुग्णालयात सत्राचे तीनशे रुपये मिळतात, व्हाउचरवर लिहिलेलं असतं 'किरकोळ खर्च'. पेशंटच्या बिलात माझं नाव घालता येत नाही, म्हणून विभागप्रमुख ते कुठल्याशा निधीतून भागवतात. भली बाई आहे. पुढच्या वर्षी तिची बदली झाली तर मंगळवार-शुक्रवार बंद. विम्याचा तर प्रश्नच नाही. एकदा एका खासगी ठिकाणी बोलावलं होतं, तिथे मला लॉबीत बसून 'वातावरण निर्मिती' करायला सांगितली. मी विचारलं, पेशंट कुठले बघायचे? ते म्हणाले, सगळेच. पगार बरा होता. मी नाही म्हटलं, आणि घरी येऊन आठवडाभर त्यावर पश्चात्ताप केला.

म्हणून तुम्हाला मागते ते हे. अनुसूचीत भर घालण्याची सोय कायद्यातच आहे, ती वापरून 'म्युझिक थेरपिस्ट' हे नाव लिहा. ते जमेपर्यंत 'आर्ट' मध्ये संगीत येतं की नाही एवढं तरी स्पष्ट करा. नाव लिहिताना पदविकेचे महिने मोजू नका, वॉर्डातले तास मोजा, आणि ते कुणाच्या देखरेखीखाली भरले ते विचारा. सुरुवातीला देखरेख करायला संगीतोपचारक पुरेसे मिळणार नाहीत, हे उघड आहे. तोवर स्पीच थेरपिस्ट, फिजिओ, मनोविकारतज्ज्ञ यांच्या हाताखाली तास भरू द्या, ती माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्या पालघरहून झाली. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी जी लवकर निदान-उपचाराची केंद्रं आहेत, तिथे आठवड्याला दोन दुपारींचं एक अर्धवेळ पद काढून बघा. पूर्ण पगाराचं नको. पदाला नाव हवं आणि केसपेपरवर रकाना हवा.

आणि आम्ही जे आधीपासून हे काम करतोय त्यांना अनुभवाच्या नावाखाली सरसकट आत घेऊ नका. हे लिहिताना माझ्या दोन-तीन सहकाऱ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात, रागावतील. पण आमचीही परीक्षा घ्या, पेशंटसमोर बसवून. मी नापास झाले तर होईन. तो पेटीचा किस्सा मी परीक्षकांना स्वतःहून सांगेन.

अभ्यासक्रम मराठीत होईल तेव्हा त्यात रागांइतकीच जागा जात्यावरच्या ओव्यांना असावी, एवढी एक हट्टाची मागणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आज कुणालाही ऐकायला मिळतात. विसरभोळेपणाच्या आजाराने मुलाचं नाव विसरलेल्या एका आजीला मी यमन ऐकवला, तिने जांभई दिली. मग तिच्या सुनेने लाजत लाजत एक ओवी सुरू केली. आजीचा उजवा हात गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा, आणि पुढची ओळ तिने सुनेच्या आधी घेतली. त्या दिवशी थेरपिस्ट सून होती, मी फक्त बघत होते. मोजलं मात्र: सहा ओळी, चार मिनिटं, दोनदा हसली. माझ्या वहीत आहे.

ती वही घेऊन दिल्लीला यायला सांगाल तर येईन. पण एक घाई आहे. मुलीपुढची दुसरी वाट फिजिओथेरपीची, तिच्या प्रवेशाची यादी लागायला अजून तीन आठवडे आहेत. मुलीचे वडील फीचे पैसे बाजूला काढून थांबले आहेत, त्यांना मी 'विचारून सांगते' म्हटलंय. 'आर्ट' मध्ये संगीत येतं, किंवा येत नाही, यातली कुठलीही एक ओळ शिक्क्यासह पाठवलीत तरी ती मी त्यांच्या दुकानात नेऊन दाखवेन.

आपली,
एक गाण्याची शिक्षिका
मिरज